क्लाउडवरील पहिली जावक वही : व्यापारी बंधूंसाठी एक पाठ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा आम्हांस असा विषय सुचविला की, ज्याविषयी आपल्या घरांतील तरुण मंडळी दिवसभर बोलतात आणि वडील मंडळी संकोचाने काही विचारीत नाहीत. तो विषय क्लाउडचा. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाही. खडोलीस आमचे धाग्याचे गोदाम आहे, सिल्वासा शहरात कचेरी आहे आणि भिवंडीस विक्रीची पेढी आहे. ह्या तिन्ही ठिकाणांची जावक वही एकच असावी, एवढ्या एका गरजेपोटी आम्ही ह्या वाटेस लागलो. वाटेत ठेचा लागल्या, त्यांतून काही शिकलो. ते शिक्षण सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून पाठाच्या रूपाने येथे मांडीत आहोत.

१. गरज कोठून उत्पन्न झाली

दादरा व नगर हवेलीचा मुलूख १९५४ साली पोर्तुगिजांच्या अमलातून सुटला, १९६१ साली भारतीय संघराज्यात आला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एक केंद्रशासित प्रदेश झाला. ज्या गावांत भात आणि नागली पिकत असे तेथे कारखाने उभे राहिले. पॉलिएस्टरचा टेक्श्चराइज्ड धागा हा ह्या भागाचा मोठा धंदा आहे. खडोलीहून निघालेला धागा वापीमार्गे एकीकडे सुरतेस आणि दुसरीकडे भिवंडीच्या यंत्रमागांवर जातो.

धाग्याच्या व्यापारात 'लॉट' ह्या शब्दाला मोठा मान आहे. एकाच डेनिअरचे दोन धागे डोळ्यांस सारखे दिसले तरी दोन निरनिराळ्या लॉटचे असल्यास रंग सारखा पीत नाहीत. ते एका ताग्यात मिसळले की रंगाईनंतर कापडावर पट्टे उमटतात. म्हणून गिऱ्हाईक नुसता माल मागत नाही. अमुक लॉटचा माल मागते.

आमच्याकडे वह्या तीन होत्या. एके दिवशी भिवंडीच्या पेढीने एका लॉटची शेवटची चाळीस कार्टन दोन पिढ्यांच्या जुन्या गिऱ्हाइकास कबूल केली. त्याच दुपारी सिल्वाशाच्या कचेरीने तीच कार्टन सुरतेस रवाना केली. गोदामातील माणसाने आपल्या समजुतीप्रमाणे दुसऱ्या लॉटची कार्टन भरून भिवंडीची गाडी मार्गी लावली. पुढे काय झाले हे धाग्याच्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको. कापडाची भरपाई आम्ही दिली. परंतु त्या गिऱ्हाइकाकडे जाऊन बसण्यास जी लाज वाटली, तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. दोष कोणा एकाचा नव्हता. तिघांनीही आपापल्या वहीप्रमाणे बरोबर वागणूक केली होती. वह्याच एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आमचे पुतणे संगणक शिकलेले. ते म्हणाले, "काका, तीन वह्या जुळवीत बसण्यापेक्षा वहीच एक ठेवू या. ती क्लाउडवर राहील आणि तिघेही आपापल्या फोनवरून तीच उघडतील." आमचे वृद्ध मुनीमजी शेजारी बसले होते. त्यांनी विचारले, "शेठ, चोपडा आपल्या घरात नसेल, तर तो आपला कसा म्हणावा?" हा प्रश्न त्या दिवशी आम्हांस जुनाट वाटला. आज वाटते की, ह्या विषयाचे सारे मर्म त्या प्रश्नात होते.

२. क्लाउड म्हणजे काय

क्लाउड ह्या शब्दाचा अर्थ मेघ. पण माहिती काही आकाशात राहत नाही. ती जमिनीवरच्या पक्क्या इमारतींत, थंड ठेवलेल्या दालनांत, ओळीने रचलेल्या संगणकांत राहते. नवे आहे ते एवढेच की, ते संगणक आपले नसून भाड्याने घेतलेले असतात.

एका जुन्या उदाहरणावरून ही गोष्ट स्पष्ट होईल. पूर्वी मुंबईच्या गिरण्या आपापले बॉयलर आणि वाफेची एंजिने चालवीत. प्रत्येकीची चिमणी वेगळी, कोळशाचा ढीग वेगळा. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटमाथ्यावर साठविलेल्या पाण्याची वीज तारांवरून मुंबईस येऊ लागली. त्यानंतर एकामागून एक गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. कापड गिरणीचेच राहिले. शक्ती मात्र मीटरप्रमाणे विकत मिळू लागली. गणनाची शक्तीही टेलिफोनप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल, असा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच मांडला होता. तो व्यवहारात येण्यास पुढे सुमारे पंचेचाळीस वर्षे लागली.

व्यापाऱ्यांस कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, ही सेवा मोठ्या प्रमाणावर प्रथम बाजारात आणली ती एका दुकानदाराने. पुस्तकविक्रीपासून आरंभ केलेल्या ॲमेझॉन कंपनीने मार्च २००६ मध्ये माहिती साठविण्याची जागा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चालते संगणक ताशी भाड्याने देण्यास आरंभ केला. गूगलने २००८ साली आणि मायक्रोसॉफ्टने २०१० साली आपापली दुकाने उघडली. आपल्या बाजूस मायक्रोसॉफ्टची केंद्रे पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५ साली, ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ साली आणि गूगलचे मुंबईत २०१७ साली सुरू झाले. भारत सरकारनेही आपल्या कारभारासाठी 'मेघराज' नावाची सेवा २०१४ साली उभी केली.

क्लाउड कशास म्हणावे ह्याची पाच लक्षणे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०११ साली सांगितली. ग्राहकाने मागताच, मध्ये कोणी माणूस न लागता, साधन मिळावे. ते जाळ्यावरून कोठूनही वापरता यावे. एकाच साठ्यातून अनेक ग्राहकांची गरज भागावी. गरजेप्रमाणे ते झटपट वाढावे व कमी व्हावे. आणि जितका वापर तितके मोजमाप व्हावे. ह्यांतील शेवटचे लक्षण व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. मीटर सदैव चालू असतो.

३. भाड्याचे तीन प्रकार

वखार भाड्याने घेण्याचे जसे प्रकार, तसेच येथेही आहेत. पहिल्या प्रकारात मोकळे दालन मिळते. संगणक त्यांचा, त्यावरची सारी मांडणी, सफाई व राखण आपली. दुसऱ्या प्रकारात फळ्या, काटा व पहारेकरी ह्यांसह वखार मिळते. आपण केवळ आपला प्रोग्राम आणून ठेवावयाचा. तो चालविणे, गर्दी वाढल्यास जागा वाढविणे, ही चिंता मालकाची. तिसऱ्या प्रकारात तयार सेवाच मिळते. हिशेबाचे किंवा टपालाचे बनलेले ॲप महिन्याच्या वर्गणीवर वापरावयाचे.

आमचा पहिला सल्ला असा की, तिसऱ्या प्रकारात काम भागत असेल तर स्वतः काही बांधू नये. एका गल्ल्याच्या दुकानास तयार हिशेबी ॲप किंवा साधी वहीसुद्धा पुरे आहे. आमची लॉटची अडचण तयार मालात नीट बसेना, म्हणून आम्ही बांधावयास घेतले. नवशिक्याने दुसऱ्या प्रकारापासून आरंभ करावा. मोकळ्या दालनाची राखण करणे हा स्वतंत्र धंदा आहे.

४. खाते कोणाच्या नावे?

आता आमच्या पहिल्या ठेचेची हकिकत सांगतो. पुतण्यांच्या परीक्षा होत्या म्हणून ओळखीच्या एका तरुणाकडून आम्ही ॲप करवून घेतले. त्याने झटपट काम व्हावे म्हणून क्लाउडचे खाते स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर उघडले. पैसे आम्ही त्यास देत होतो. वही उत्तम चालली. काही महिन्यांनी त्यास परगावी नोकरी लागली. पुढे त्याच्या कार्डाची मुदत संपली, बिल थकले, स्मरणपत्रे त्याच्या न उघडलेल्या ईमेलमध्ये साचत गेली आणि ऐन हंगामात एका सकाळी वही उघडेना. सेवा पुरविणाऱ्या कंपनीस आम्ही कळविले. उत्तर सरळ होते: ज्याच्या नावे खाते, त्याच्याशीच आम्ही बोलू. त्यांचे चुकले असे आम्हांस म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या नावे घेतलेल्या वखारीतला आपला माल आपण कोणत्या कागदावर मागणार?

तो तरुण सज्जन. निरोप मिळताच त्याने थकबाकी भरून खाते आमच्या स्वाधीन केले. थकलेले खाते ठराविक मुदतीनंतर बंद होते आणि माहिती कायमची पुसली जाते. ती मुदत सुदैवाने संपली नव्हती. मधले सतरा दिवस आमचा धंदा चालला तो मुनीमजींच्या लाल चोपड्यावर. त्यांनी आम्हांस न सांगता तो रोज लिहिणे चालूच ठेवले होते.

म्हणून नियम असा. खाते पेढीच्या नावे उघडावे. ईमेल पेढीचा असावा. नोकराचा नको, कारागिराचा नको, घरच्या मुलाचाही नको. कार्ड पेढीचे असावे. जीएसटी क्रमांक आरंभीच भरावा, म्हणजे बिलावरील कराची वजावट मिळते. आपल्या प्रदेशातील क्रमांक २६ ह्या अंकांनी सुरू होतो, एवढे ताडून पाहावे. मुख्य खात्याचा परवलीचा शब्द मालकापाशी राहावा आणि त्यावर फोनची दुसरी पडताळणी असावी. ते मुख्य खाते रोजच्या कामास वापरू नये. कारागिरास, मुनिमास, गोदामवाल्यास प्रत्येकी वेगळे प्रवेशपत्र द्यावे आणि त्यावर जेवढे काम तेवढाच अधिकार ठेवावा. जो कार्टन मोजतो त्यास तिजोरीची किल्ली लागत नाही.

५. खर्चाची घंटा

खाते उघडल्यावर प्रोग्राम लिहिण्याआधी एक काम करावे. महिन्याच्या खर्चाची मर्यादा ठरवून तिच्या निम्म्यावर, ऐंशी टक्क्यांवर आणि पूर्णावर सूचना येईल अशी घंटा लावावी. ही सोय सर्व मोठ्या कंपन्या देतात. मात्र ही घंटा आहे, कुलूप नव्हे. मर्यादा ओलांडली तरी सेवा आपोआप थांबत नाही, आणि खर्चाचे आकडेही काही तास उशिराने दिसतात. घंटा वाजल्यावर उठून पाहणारे माणूस हवे.

आम्ही चाचणीसाठी एक मोठा संगणक भाड्याने घेतला आणि दिवाळीच्या सुटीत तो बंद करण्यास विसरलो. बिल आले तेव्हा हिशेब मांडून पाहिला. महिन्याचे तास ७२०. कचेरी दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस उघडी, म्हणजे कामाचे तास २६०. उरलेले ४६० तास यंत्र कोणासाठी चालले? रिकाम्या गोदामात रात्रभर दिवे जाळण्याचाच हा प्रकार होय. शिवाय यंत्र बंद केले तरी त्यास जोडलेल्या साठवणुकीचे भाडे चालूच राहते, हेही त्याच बिलाने शिकविले.

छोट्या कामास ह्याहून स्वस्त पद्धत आहे. प्रोग्राम निजलेला असतो. कोणी मागणी केली की जागा होतो, काम करतो आणि पुन्हा निजतो. भाडे जागेपणाचेच. ॲमेझॉनची अशी सेवा २०१४ पासून आहे. तिला लॅम्डा म्हणतात. तिच्यात महिन्याला १० लाख मागण्यांपर्यंत मागण्यांचा आकार पडत नाही. आमच्याकडे दिवसाला सुमारे १२० नोंदी होतात. २६ दिवसांच्या ३,१२० नोंदी. एका नोंदीमागे दहा मागण्या धरल्या तरी ३१,२०० होतात. म्हणजे मोफत मर्यादेच्या जवळपासही आपण जात नाही. माहितीचा साठा आणि इतर सोयी ह्यांचे पैसे निराळे पडतात; पण आरंभीचे बिल व्यापाऱ्याच्या आवाक्यात राहते.

६. केंद्राची निवड आणि वहीची आखणी

खाते उघडताना कोणत्या शहरातील केंद्र हवे असे विचारले जाते. नवशिक्याकडून येथे पुष्कळदा अमेरिकेतील केंद्र तसेच राहून जाते. काचतंतूच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. खडोलीहून मुंबईस जाऊन परतण्यास त्यास पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास जाऊन येण्यास सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, आणि एका पानासाठी अशा दहा फेऱ्या झाल्या की गोदामातील माणूस फोन हातात धरून कंटाळतो. म्हणून आपण मुंबई निवडावी. कायद्याच्या दृष्टीनेही तेच सोयीचे आहे. त्याविषयी पुढे सांगू.

ॲपची रचना चार भागांची असते. फोनवर दिसणारे पान, मागे काम करणारा प्रोग्राम, माहितीचा साठा आणि दारावरची ओळखपरेड. आरंभ कोठून करावा? आमच्या पुतण्यांनी पहिल्या दिवशी केवळ 'नमस्कार' हा एकच शब्द दाखविणारे पान क्लाउडवर चढविले. आम्हांस हसू आले. परंतु तो एक शब्द भिवंडीच्या फोनवर दिसला, तेव्हा खाते, केंद्र, प्रोग्राम आणि दार अशी सारी साखळी बरोबर जोडली गेल्याचा पुरावा मिळाला. दुसऱ्या आठवड्यात एक कोष्टक केले. त्यात नोंद क्रमांक, तारीख व वेळ, लॉट, डेनिअर, कार्टनची संख्या, निव्वळ वजन, गिऱ्हाईक, गाडीचा क्रमांक आणि नोंद करणाराचे नाव एवढी घरे. ई-वे बिल, येणे-देणे, नफातोटा ह्यांतील काहीही पहिल्या तीन महिन्यांत घातले नाही. ज्यांनी एकदम सर्व धंदा ॲपमध्ये घालण्याचा आग्रह धरला, त्यांची ॲपे अर्धवट राहिलेली आम्ही पाहिली आहेत.

सरावाची वही आणि खरी वही वेगळ्या ठेवाव्यात. नवा बदल आधी सरावाच्या वहीवर करून पाहावा, तेथे दोन दिवस चालला तर खऱ्या वहीत आणावा. प्रोग्रामची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवावी, म्हणजे बिघाड झाल्यास मागे जाता येते.

७. हुंडीचा धडा

खडोलीत पावसाळ्यात वीज जाते, फोनचे जाळेही जाते. गोदामातील माणूस नोंद पाठवितो, उत्तर येत नाही, तो पुन्हा पाठवितो. पहिली नोंद पोहोचलेली असते. केवळ पोच हरवलेली असते. परिणामी वीस कार्टनच्या ठिकाणी चाळीस गेल्याची नोंद होते.

ह्यावरील उपाय आपल्या वडिलांच्या पेढीवर कधीच सापडला होता. हुंडी हरवली तर तिची पेठ लिहून मिळे. पेठ हरवली तर परपेठ. कागद तीन झाले तरी रक्कम एकच. त्यांपैकी कोणताही एक पटला की पैसे चुकते होत, हुंडीचे खोखे होई, आणि दुसरा कागद नंतर आला तरी त्यावर पैसे मिळत नसत. हाच नियम ॲपमध्ये घालावयाचा. फोनवर नोंद तयार होतानाच तिला तिचा स्वतंत्र क्रमांक मिळावा. तीच नोंद तीनदा पोहोचली तरी साठ्याने क्रमांक पाहून म्हणावे की, ही पटली आहे. मग जाळे गेले असता फोनने नोंद आपल्यापाशी ठेवून मागाहून पाठविली, तरी दुहेरी नोंदीचे भय राहत नाही.

दुसरा प्रश्न आमच्या मूळ दुखण्याचा: एकच लॉट दोघांनी एकाच वेळी विकला तर? येथे 'शिल्लक पाहा' आणि 'शिल्लक कमी करा' ह्या दोन कृती वेगळ्या ठेवू नयेत. दोघांनी एकाच क्षणी शिल्लक पाहिली तर दोघांसही चाळीस कार्टन दिसतील. साठ्यास एकच आज्ञा द्यावी: चाळीस शिल्लक असतील तरच चाळीस कमी कर, नसतील तर नकार दे. ही आज्ञा साठा अखंड पार पाडतो. मध्ये दुसऱ्यास शिरू देत नाही. ज्याची मागणी क्षणभर आधी पोहोचली त्यास माल, दुसऱ्यास तत्काळ नकार. हा नकार गिऱ्हाइकास शब्द देण्यापूर्वी मिळतो. ह्या एका ओळीसाठी आम्ही सारा खटाटोप केला असे म्हटले तरी चालेल.

तिसरा नियमही चोपड्याचाच आहे. नोंद खोडू नये. चूक झाली तर उलट नोंद करावी, म्हणजे कोणी, केव्हा, काय बदलले हे दिसत राहते.

८. किल्ल्या आणि दुसरी प्रत

सेवा देणारी कंपनी आणि आपण ह्यांच्यात राखणीची वाटणी असते. इमारत, वीज, यंत्रे, त्यांची दुरुस्ती ही त्यांच्याकडे. आपल्या मालावर कोणाची नजर पडावी, किल्ली कोणाकडे असावी, प्रत कोठे ठेवावी, हे आपल्याकडे. बँकेच्या लॉकरप्रमाणे हे आहे. बँक खोली राखते. आपली किल्ली आपणच पानाच्या टपरीवर विसरलो तर बँक काय करणार?

क्लाउडची किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ. तरुण कारागीर सोयीसाठी ती प्रोग्राममध्येच लिहितात आणि प्रोग्राम सार्वजनिक ठिकाणी ठेवतात. अशा किल्ल्या शोधीत फिरणारी यंत्रे चोरांनी लावून ठेवलेली आहेत. काही मिनिटांत ती सापडते आणि आपल्या खर्चाने दुसऱ्याची कामे सुरू होतात. किल्ल्यांसाठी वेगळी सुरक्षित पेटी प्रत्येक कंपनी देते, तीच वापरावी.

प्रतीविषयी दोन खरी उदाहरणे सांगतो. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस ह्या कंपनीच्या क्लाउड खात्यात एक चोर शिरला. त्याने खंडणी मागितली आणि विरोध होताच माहिती पुसली. प्रतीही पुष्कळशा त्याच खात्यात असल्याने त्यांसह गेल्या, आणि कंपनीस आपला धंदा बंद करावा लागला. दुसरे उदाहरण फ्रान्समधील स्ट्रासबुर्गचे. १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच ह्या कंपनीच्या केंद्रास आग लागून एक इमारत जळून गेली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांतील अनेकांची माहिती परत आली नाही. तेव्हा प्रत दुसऱ्या खात्यात आणि दुसऱ्या शहरात असावी. मुंबईची प्रत हैदराबाद, पुणे किंवा चेन्नई येथे ठेवता येते. आठवड्याची एक प्रत कोणत्याही साध्या संगणकावर उघडेल अशा स्वरूपात उतरवून कचेरीतही ठेवावी. उद्या भाडेकरार मोडावा लागला तर माल उचलून नेता आला पाहिजे.

आणि प्रत घेतली एवढ्याने संपत नाही. ती परत उभी करून पाहिली पाहिजे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे की नाही हे आपणांस ठाऊक नसते.

कंपन्या ९९.९ टक्के सेवेची हमी देतात तेव्हा ती ऐकून हुरळून जाऊ नये. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात; त्यांचा हजारावा भाग म्हणजे ४३ मिनिटे. तेवढा वेळ वही बंद राहिली तरी हमी मोडत नाही. गाडी दारात उभी असताना ती ४३ मिनिटे आली तर काय करावयाचे, हे आधी ठरवावे. आमच्या गोदामात त्यासाठी क्रमांक घातलेली कोरी चलाने ठेवलेली असतात.

९. कायद्याची बाजू

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. भाडे थकले म्हणून पुसली गेली, हे उत्तर चालणार नाही. ज्या सभासदांचे धंदे कंपनी कायद्याखाली नोंदलेले आहेत त्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे संगणकावरील हिशेबाची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे आवश्यक आहे. तसेच १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फेरबदलाची खूण ठेवली पाहिजे. वर सांगितलेला उलट नोंदीचा नियम येथे उपयोगी पडतो. वहीत गाडीवानांचे व गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक असतात. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणून कामास लागेल तेवढीच माहिती घ्यावी. आधार क्रमांक, घरचा पत्ता अशी अनावश्यक माहिती जमविणे म्हणजे जोखीम जमविणे. आपल्या धंद्यास नेमके काय लागू पडते ह्याविषयी आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

१०. समारोप

मुनीमजींच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. लाभपंचमीस, जिला आपण ज्ञानपंचमी म्हणतो, नव्या वह्यांचा मुहूर्त होतो. त्या दिवशी आम्ही आता एक नवी प्रथा पाडली आहे. खरी वही क्षणभर नाहीच असे समजून, दुसऱ्या शहरातील प्रतीवरून ती नव्याने उभी करावयाची आणि मुनीमजींनी आपला लाल चोपडा घेऊन तिचा मेळ घालावयाचा. पहिल्या वर्षी त्यांनी बोट ठेवून एकेक लॉट तपासला. तीन नोंदींत फरक निघाला. दोन चुका ॲपमध्ये करावयाच्या राहिलेल्या नोंदींच्या होत्या. तिसरी चोपड्यातली होती. मुनीमजींनी चष्मा काढून पुसला, चोपड्यात तिची उलट नोंद केली आणि म्हणाले, "शेठ, पुन्हा उभा करता येतो, तोवर आपला."

ह्याहून चांगली व्याख्या आम्हांस पुस्तकांत आढळली नाही. वखार भाड्याची असण्यात कमीपणा नाही. आपले पूर्वजही परमुलखात भाड्याच्या वखारींतूनच व्यापार करीत. परंतु खाते आपल्या नावे, किल्ली आपल्या हाती, आणि वही पुन्हा उभी करण्याची रीत आपल्या घरातील किमान दोघांस ठाऊक, एवढे तीन बंदोबस्त झाल्याविना धंद्याची नोंद तेथे ठेवू नये.

स्वाध्याय

सभासदांच्या घरांतील तरुणांनी खालील प्रश्न वडीलधाऱ्यांसमवेत बसून सोडवावेत.

१. आपल्या पेढीची कोणकोणती माहिती आज भाड्याच्या जागी आहे? प्रत्येक खाते कोणाच्या नावे आहे?
२. आपल्या धंद्यात अशी एक वही शोधा की, जी दोन ठिकाणी लिहिली जाते आणि पुष्कळदा जुळत नाही. तिची घरे दहाच्या आत आखा.
३. एक यंत्र दिवसाला १२ तास, महिन्याला २५ दिवस लागते. ते सदैव चालू ठेवल्यास महिन्याच्या ७२० तासांपैकी किती तास वाया जातात?
४. एकच नोंद दोनदा पोहोचली असता ती एकदाच धरली जावी, ह्यासाठी हुंडी, पेठ व परपेठ ह्यांच्या आधारे नियम लिहा.
५. आज सायंकाळी सर्व नोंदी नाहीशा झाल्या तर उद्या सकाळी दुकान कशावर उघडाल? उत्तर लिहून न ठेवता एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.